सेमीकोलन लावला की झालं? कुठलं झालं!

"कंटेनर सुरू होताना एकापेक्षा जास्त कमांड चालवायच्या 5 सोप्या युक्त्या" हा मेसेज महिनाभर फिरतोय (कंटेनर म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइल्ससकट वेगळा चालणारा प्रोग्राम), मी दुर्लक्ष करत होते. पण काल रात्री धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, कुबरनेटिसचा जॉब रोज कम्प्लिटेड दाखवतोय, पण बॅकअपची फाइल 20 बाइटचीच आहे." (कुबरनेटिस म्हणजे कंटेनर चालवणारी, सांभाळणारी यंत्रणा, आणि जॉब म्हणजे तिला दिलेलं चालून संपणारं काम.) विचारलं हे कुठून उचललंस, तर तोच मेसेज. मग म्हटलं आता लिहायलाच हवं.

त्यातली सगळ्यात घातक युक्ती ही, की "कमांडमध्ये सेमीकोलन टाका, && सारखंच काम करतो." अरे, काय सारखं? && म्हणजे आधीची कमांड जमली तरच पुढची. सेमीकोलन म्हणजे आधीची मेली तरी पुढची चालणारच. शेल म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या नियमांमधल्या शेल स्टँडर्डमध्ये स्वच्छ लिहिलंय की अशा यादीचा एक्झिट स्टेटस (संपताना मिळणारा आकडा, शून्य म्हणजे जमलं) शेवटच्या कमांडचा असतो. कुबरनेटिस बघतं ते तेवढंच, शून्य आला की जॉब पास! भावाची ओळ अशी होती: पीजी-डंप (पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणारा), पाइप (एकाचं आउटपुट पुढच्याला देणारी खूण), जीझिप (फाइल दाबून लहान करणारा), सेमीकोलन, जुनी फाइल डिलीट. पासवर्ड बदललेला, डंप पहिल्याच झटक्यात फेल, जीझिपला आत काहीच मिळालं नाही तर त्यानं इमानदारीत रिकामी फाइल झिप केली (ती बरोबर 20 बाइटची होते), आणि पुढे जुना चांगला बॅकअप उडवला. रोज रात्री. हिरवी टिक लावून.

आणि इथे नुसता && टाकूनही वाचला नसता बरं का, कारण पाइपचा निकालसुद्धा शेवटच्या कमांडचाच, म्हणजे जीझिपचा. बॅश नावाच्या शेलमध्ये 'सेट -ई'सोबत (कमांड फेल झाली की तिथेच थांब) पाइपफेल (पाइपमधली एक जरी फेल तरी सगळा पाइप फेल) चालू करा, नाहीतर आधी फाइलमध्ये डंप घ्या, मग झिप करा. डेबियन लिनक्सवाल्या इमेजमध्ये (इमेज म्हणजे ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल असतो, त्याच्या जुन्या व्हर्जनला पाइपफेल कळतच नाही, तेव्हा बॅश नाव घेऊन बोलवा.

"कमांडच्या ॲरेत मधे && लिहा." ॲरेत, म्हणजे तुकड्यांची यादी करून दिलेल्या कमांडमध्ये, शेल नसतोच हो! [इको, एक, &&, इको, दोन] दिलंत तर पडद्यावर "एक && इको दोन" असंच्या असं छापून येतं. आता एवढं मान्य करते, की 'एसएच -सी' (पुढची ओळ शेलकडून चालव) देऊन पूर्ण ओळ एकाच स्ट्रिंगमध्ये टाकली तर एका कंटेनरमध्ये चार कमांड आरामात चालतात, तेवढं त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. फक्त इमेजमध्ये शेल हवा, डिस्ट्रोलेस म्हणजे अगदी गरजेपुरतंच सामान असलेल्या इमेजमध्ये सहसा तो नसतो.

"शेवटी & लावून मागे सोडून द्या." शेल संपला की पीआयडी 1 (कंटेनरमधली पहिली, मुख्य प्रोसेस) गेला, पीआयडी 1 गेला की कंटेनर गेला, मागे सोडलेलं कामही त्याच्याबरोबर अर्धवट मेलं.

"डॉकरफाइलमध्ये प्रत्येक कमांडला वेगळा सीएमडी." डॉकरफाइल म्हणजे इमेज बनवायची कृती, आणि सीएमडी म्हणजे कंटेनर सुरू होताना चालवायची कमांड; त्यातला शेवटचा एकच धरला जातो. पुढे.

"जॉबला रीस्टार्ट पॉलिसी ऑल्वेज ठेवा म्हणजे फेल झाला तरी परत चालेल." जॉबमध्ये नेव्हर किंवा ऑन-फेल्युअर दोनच चालतात, ऑल्वेज लिहिलं की अप्लाय करतानाच एरर येते. म्हणजे ज्यानं कोणी हा मेसेज लिहिला त्यानं तो स्वतः एकदाही चालवून बघितलेला नाही.