सात टक्के बॅटरीवर चीन

चीनमध्ये पासपोर्ट हरवला तर भारतीय वकिलात आहे. पोट बिघडलं तर गरम पाणी आहे. ते स्टेशनवर, रेल्वेच्या डब्यात, हॉटेलात, सगळीकडे फुकट मिळतं आणि त्याने बरा होणार नाही असा आजार तिथल्या लोकांना ठाऊक नाही. फोनची बॅटरी संपली तर मात्र फक्त देव. आणि तिथे देवळातल्या दानपेटीवरही क्यूआर कोड असतो.

सगळा देश वीचॅट आणि अलिपे या पैसे भरायच्या दोन अ‍ॅपवर चालतो. हल्ली परदेशी कार्डही त्यांना जोडता येतं, म्हणून मी निघण्याआधी सोलापुरात बसूनच दोन्ही जोडून घेतली होती. थोडक्यात, पैसे फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, हॉटेलचा पत्ता फोनमध्ये आणि माझ्या वतीने चिनी बोलणारी बाईही फोनमध्येच. ही अनुवादाच्या अ‍ॅपमधली बाई. आवाज इतका करडा, की मी ‘पाणी मिळेल का’ एवढंच विचारलं तरी समोरचा माणूस सावरून उभा राहायचा.

पाठीवर सॅक. सॅकमध्ये कपडे बेताचे, आईने बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या भरपूर, शेंगाचटणी आणि या सगळ्याचा आधारस्तंभ म्हणजे वीस हजार एमएएचची पॉवर बँक. हा आधारस्तंभ पहिल्याच दिवशी कोसळला. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ‘थ्री-सी’ हा तिथला सुरक्षेचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. माझ्या पॉवर बँकेवर बरेच शिक्के होते, तेवढा एक सोडून. सुरक्षा तपासणीच्या मुलीने ती अत्यंत अदबीने माझ्या हातातून घेतली आणि शेजारच्या टोपल्यात ठेवली. टोपल्यात आणखी बऱ्याच होत्या. सगळ्या देशांच्या.

चिन्यांना ही काळजी नसते. चहाची दुकानं, खाणावळी, मॉल, जिथे जाल तिथे भाड्याच्या पॉवर बँकांचं कपाट असतं. कोड स्कॅन करायचा, कट्कन एक बाहेर येते, वापरायची, पुढच्या दुकानातल्या कपाटात खुपसायची. अट एकच, स्कॅन करायला फोन चालू हवा. बुडणाऱ्याला दोरी नक्की मिळेल, त्याने आधी काठावर येऊन अर्ज भरावा, असा हा प्रकार.

त्यात गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद. भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर चालतात, हॉटेलच्या वायफायवर नाहीत. परिणामी रात्री खोलीवर आलं की कुटुंबाच्या ग्रुपवरची फुलं आणि सुविचार आपोआप थांबायचे. चीन सरकारच्या या धोरणाबद्दल जगात पुष्कळ टीका होते. मी तूर्त त्यात भाग घेत नाही.

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी लग्नांचा बाजार भरतो. उघड्या छत्र्या ओळीने जमिनीवर मांडलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर. मुलं-मुली तिथे दिसत नाहीत. छत्रीमागे छोट्या स्टुलावर आई किंवा बाप बसलेला असतो. मी अडतीस वर्षांचा, अविवाहित. ज्या प्रश्नांपासून लांब जावं म्हणून रजा टाकली, ते सगळे प्रश्न इथे छत्र्या उघडून माझी वाट पाहत होते.

फुलाफुलांचं जाकीट घातलेल्या एका मावशींनी मला हेरलं. अ‍ॅपमधल्या बाईमार्फत वय विचारलं. सांगितलं. ठीक. नोकरी? विमा कंपनीत. उत्तम. पगार? युआनमध्ये बदलून सांगितला. मावशी फार मायेने हसल्या. घर? आहे, स्वतःचं आहे! कुठे? सोलापूर. त्यांनी माझा फोन घेतला, नकाशावर दोन बोटांनी सोलापूर मोठं केलं, मग लहान केलं, मग आणखी लहान करून समुद्र शोधला. समुद्र यायला जरा वेळ लागला. फोन परत देताना त्यांनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं. या चौकशीत माझी अकरा टक्के बॅटरी गेली आणि स्थळही गेलं.

बीजिंगला मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात शिरताना सॅक एक्स-रेमधून जाते. बाटलीत पाणी असेल तर घोट घेऊन दाखवावा लागतो, म्हणजे ते पाणीच आहे हे सिद्ध होतं. माझ्या सॅकमध्ये एकावर एक रचलेल्या, सपाट, गोल, टणक चकत्यांची चळत दिसल्यावर यंत्र थांबलं. पुडकं उघडलं गेलं. बाई भाषांतर करेपर्यंत मागे रांग वाढत चालली, तेव्हा मी पाण्याचाच नियम भाकरीला लावला आणि एक तुकडा मोडून खाल्ला. कडक भाकरी चांगली जमलेली असेल तर ती चावल्याचा आवाज तीन माणसं पलीकडे जातो. ही चांगली जमली होती. दोन कर्मचारी एक पाऊल मागे सरले, पण मला सोडलं.

भिंतही पाहिली. मोठी आहे. पायऱ्या मात्र एकीसारखी दुसरी नाही, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. मुतियान्यूच्या बाजूने गेलात तर उतरताना घसरगाडी मिळते. ती चुकवू नका, बाकीचं फोटोत दिसतंच.

बीजिंगहून वेगवान गाडीने तासा-सव्वा तासावर शिजियाझुआंग. परदेशी पर्यटक सहसा तिथे उतरत नाहीत. सोलापूरकराला उतरावंच लागतं, कारण तिथल्या शहीद स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले ते एक. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस राहिले. भाषा शिकले, जपानशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराने गेले. वय बत्तीस. असेच जखमींसाठी चीनला आलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून त्याच आवारात आहेत. आमच्या शाळेत दरवर्षी कोणीतरी कोटणीसांवर भाषण करायचं आणि आम्ही मागच्या बाकावर बसून ते कधी संपतंय याची वाट पाहायचो. पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर ती सगळी भाषणं एकदम अंगावर आली.

तेवढ्यात खरोखरच अंगावर आले ते एक आजोबा. चीनमध्ये म्हातारी माणसं व्यायाम म्हणून उलटी चालतात, हेही तसेच आवारात उलटे येत होते. धडकले, वळले, माझ्याकडे पाहिलं, पुतळ्याकडे पाहिलं. फोनवर सात टक्के उरले होते. सात टक्क्यांत परतीचा रस्ता तरी सापडला असता, नाहीतर बोलणं तरी झालं असतं. मी बाईला म्हटलं, सांग त्यांना, मी यांच्याच गावचा.

बाईने ते तिच्या करड्या आवाजात सांगितलं. आजोबांनी ते त्याहून मोठ्या आवाजात साऱ्या बागेला सांगितलं. बघता बघता सात-आठ आजी-आजोबा गोळा झाले. प्रत्येकाने माझ्याबरोबर फोटो काढले. सगळ्यांचे फोन काठोकाठ चार्ज. एका आजींनी काहीतरी विचारलं, बाईने ते मला ऐकवलं: ‘तुम्हीही डॉक्टर का?’ मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

आजींनी माझं उघडं तोंड हा होकार धरला. त्यांनी लगेच जीभ बाहेर काढून दाखवली. त्यांच्याकडचे वैद्य जीभ पाहून निदान करतात, हे मला माहीत होतं. कोटणीसांच्या समोर मला कोणी जीभ दाखवेल हे नव्हतं. दुसऱ्या आजोबांनी पँट वर करून गुडघा पुढे केला. तिसऱ्यांनी नाडीसाठी मनगट. मी विम्याचे दावे तपासतो. दाव्यातला गुडघा मला ओळखता येतो, खरा नाही. पण मागे पुतळा होता, गावाची अब्रू होती, नुसतं उभं राहणंही बरं दिसेना. मी जीभ पाहिली, गुडघा दाबला, गंभीरपणे मान हलवली आणि मग दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावून फुंकर मारत प्यायचा अभिनय केला. गरम पाणी! सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. निदान बरोबर होतं.

उलटे चालणारे आजोबा मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले, सुलटे. ड्रायव्हरला माझ्याबद्दल भलंमोठं काहीतरी सांगितलं आणि माझं भाडं स्वतःच्या फोनवरून भरलं. पैसे देण्याची सोय माझ्याकडे नव्हती आणि त्यांना ते नकोही होते.

तिथून शिआनला रात्रीची जुनी गाडी. एका कप्प्यात सहा बर्थ, दार नाही, सगळ्यात वरच्या बर्थवर सरळ बसता येत नाही. प्लग थोडे आणि तेही खाली बोळात. मी फोन चार्जिंगला लावून त्याच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर राखणीला बसलो. शेजारचे काका सूर्यफुलाच्या बिया फोडत मध्यरात्रीपर्यंत मला सोबत करत होते. फोनची राखण की माझी, ते कळलं नाही. मी भाकरी दिली, त्यांनी ती गरम पाण्यात बुडवली. सोलापूरकर म्हणून डोळे मिटून घेतले.

पण शिआनला गेल्यावर काकांचा राग ओसरला, कारण तिथे अख्खं गावच हे करतं. यांगरोउ पाओमो मागवलं की रिकामा वाडगा आणि घट्ट पाव हातात देतात. पाव आपण स्वतः कुसकरायचा, मग वाडगा आत जातो आणि मटणाचा रस्सा ओतून परत येतो. कडक भाकरी रश्श्यात चुरण्यात माझा जन्म गेला, मी दोन मिनिटांत वाडगा भरला. समोर बसलेल्या आजोबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. तुकडे मोठे होते. त्यांनी शेंगदाण्याहून लहान एक तुकडा करून दाखवला आणि माझा सगळा ढीग पुन्हा कुसकरायला लावला. भुकेल्या माणसावर इतके कडक संस्कार आमच्या आजीनेही केले नव्हते.

याच शहरात ह्युएन त्संगाने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला पॅगोडा आहे. हा ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रातही येऊन गेला होता. तिथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, असं त्याने लिहून ठेवलंय. पाओमोवाल्या आजोबांना मी काहीही कळवलं नाही. रस्सा फारच चांगला होता.

चेंगडूत हॉटपॉट खाताना तिखटाचा गर्व टिकला, जीभ टिकली नाही. सिचुआनी मिरी आपल्या तिरफळाच्याच कुळातली. बांगड्याच्या आमटीत चार दाणे टाकतात ते. इथे मूठभर. ओठ बधिर झाले, आणि बाईलाही मी काय बोलतोय ते कळेना.

दुसऱ्या दिवशी तिथल्या पीपल्स पार्कमधल्या हेमिंग चहागृहात बांबूच्या खुर्चीत बसलो होतो. चिमटे वाजवत कान कोरणारा आला. तो दांड्या, पिसं, शेवटी कंप पावणारा चिमटा असं एकेक कानात घालतो आणि माणसाचे डोळे आपोआप मिटतात. उघडले तेव्हा फोनची बॅटरी गेलेली होती. त्याने गळ्यातला क्यूआर कोड पुढे केला. मी सॅकच्या तळातून शंभराची नोट काढली. त्याचे तीस युआन झाले होते. त्याच्याकडे सुटे नव्हते. शेजारच्या टेबलाकडे नव्हते. मालकिणीकडे नव्हते. अख्ख्या चहागृहात मिळून सत्तर युआन रोख निघेनात.

सल्लामसलत सुरू झाली. बाई नव्हती, त्यामुळे प्रथमच सगळं थेट. त्याने तीन बोटांची टोकं चिमटीत जुळवली. त्यांच्याकडे ही सात. म्हणजे सत्तर शिल्लक. मग तो माझ्या मागे गेला आणि खांदे रगडायला लागला. काही वेळाने पुढे येऊन चार बोटं. चाळीस. शेजारच्या टेबलावरचे आजोबा हिशेब तपासत होते, त्यांनी मान डोलावली. मग डोकं. मग दोन बोटं. आता आजूबाजूच्या टेबलांवर चर्चा रंगली, कोणी मान सुचवली, कोणी कंबर. एका आजींनी माझ्यासाठी गरम पाणी मागवलं. शेवटी आजोबांनी निकाल दिला आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

मी बूट काढायला घेतले.