खुलासा : ‘उद्यम’ नोंदणीबद्दलचा मेसेज चुकीचा आहे

“१५०० रुपये भरून उद्यम प्रमाणपत्र काढा, मग घरगुती मसाले-लोणची विकायला दुसरा कुठलाही परवाना लागत नाही,” असा मेसेज बचतगटांत फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला, माफ करा. नंतर सरकारी संकेतस्थळ नीट वाचलं.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्ण मोफत आहे. आधार क्रमांकावर ती घरबसल्या होते. पैसे मागतात ते खासगी मध्यस्थ. शिवाय ती फक्त सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग म्हणून ओळख देते, खाद्यपदार्थ विकण्याची परवानगी देत नाही. त्यासाठी एफएसएसएआय, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वेगळी करावी लागते, अगदी स्वयंपाकघरातून विकत असाल तरी. पहिल्याच धंद्यात ताईमाई इथेच फसतात, म्हणून कळकळीने सांगतेय.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा पाठवा.