‘शेल’ म्हणजे सगळीकडे ‘कवच’ नव्हे

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. ‘शेल’ या एका इंग्रजी शब्दासाठी मी टरफल, करवंटी, शिंपला असे निरनिराळे शब्द वापरल्याने वाचकांचा गोंधळ होतो, तेव्हा पाठ्यपुस्तकांत रुळलेला ‘कवच’ हाच शब्द सर्वत्र योजावा, असे आपले म्हणणे आहे. मला ते मान्य नाही.

‘कवच’ म्हटले की आपल्याला कर्ण आठवतो; त्या शब्दात रक्षण गृहीत असते. ‘शेल’ मात्र बाहेरच्या आवरणापलीकडे फारसे काही सांगत नाही. कासवाला आणि अंड्याला ‘कवच’ शोभते, पण टिळकांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शेंगांच्या गोष्टीत ‘मी कवचे उचलणार नाही’ असे घालून पाहावे. आपल्या ठाण्याच्या मासळी बाजारात तिसऱ्यांची शिंपीच असते, आणि एक शिंपी काढून दुसरीसकट शिजवलेल्या तिसऱ्यांना ‘एकशिपी’ म्हणतात. नारळाचे तर बाहेरचे तंतुमय सोडण वेगळे आणि आतली कठीण करवंटी वेगळी.

खरी अडचण ‘शेल कंपनी’ची आहे. कागदोपत्री अस्तित्व असलेली, पण प्रत्यक्ष व्यवसाय किंवा मालमत्ता जवळपास नसलेली कंपनी, असा तिचा रूढ अर्थ आहे; २०१३च्या कंपनी कायद्यात तिची व्याख्या नाही. ‘कवच कंपनी’ म्हटले तर ती विमा विकते असे वाटेल, आणि काही वृत्तपत्रे लिहितात तशी ती दर वेळी ‘बनावट’ही नसते. मी ‘पोकळ कंपनी’ लिहिले ते याच कारणाने. तोफगोळ्यालाही इंग्रजीत ‘शेल’च म्हणतात; त्याची गंमत अशी की, इंग्रजीने आत दारू भरलेली पोकळी लक्षात ठेवली, तर मराठीने जुना गोल आकार. आजचा गोळा लांबट असूनही नाव बदलले नाही.

अणूपुरते आपले म्हणणे योग्य आहे. अणुकेंद्राभोवतीच्या एकेका थरातील इलेक्ट्रॉनांची २, ८, १८ अशी कमाल संख्या सांगताना ‘कवच’ इतके रुळले आहे की, तिथे भिंत नसली तरी ते बदलू नये.

संगणकातील शेल मात्र रक्षणासाठी नसते. वापरकर्त्याची आज्ञा वाचून तिच्याप्रमाणे प्रोग्राम चालवणारा तो स्वतःच एक प्रोग्राम असतो. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे शेल आले, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचे ‘बॅश’ हे शेल आले, आणि वापरकर्ता आपल्या सोयीने एक सोडून दुसरे घेऊ शकतो. त्याला मी यापुढेही ‘शेल’च लिहीन.