आकाशगंगेचा फ्लेक्स

फ्लेक्सवाल्यानं सूर्य उचलून आकाशगंगेच्या मधोमध ठेवला आणि वर मलाच विचारलं, "आता कसं वाटतंय?"

भाच्याच्या शाळेनं तक्ता मागितला होता. असले प्रकल्प मुलांना देतात म्हणे. मुलगा रंकाळ्यावर सायकल फिरवत होता, मामा दुकानात स्टुलावर. असो. मी दिलेल्या चित्रात सूर्याची जागा दाखवणारा बाण बरोबर होता. आकाशगंगा साधारण १,००,००० प्रकाशवर्षं रुंद आणि सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, म्हणजे काठाच्या वाटेवर निम्म्यात.

"बाजूला बरं दिसत नाही ओ काका," तो म्हणाला. बरोबरच आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स करण्यात हयात गेलेली. मधे दादा, खाली गोलांत शुभेच्छुक. त्यानं आठही ग्रह गोलांत बसवले होते, बुधाला गॉगल तेवढा राहिला होता.

शेजारी एका तालमीचे अध्यक्ष स्वतःच्याच वाढदिवसाचं प्रूफ तपासत होते. त्यांनी मान वर केली.

"आपल्याला बाजूला कुणी टाकलं?"

"हार्लो शॅप्लीनं. १९१८ च्या सुमारास. तारकागुच्छांची गर्दी कुठं होते ते बघून त्यानं दाखवलं, की केंद्र तिकडं लांब, धनु राशीच्या दिशेला आहे."

"कुठला ह्यो?"

"अमेरिकेचा."

"तरीच. मग मधी कोण?"

"कृष्णविवर. ४० लाख सूर्यांएवढ्या वजनाचं."

"दिसतंय?"

"नाही."

"न दिसणाऱ्याला मधी जागा, आणि आठ ग्रह सांभाळणारा बाजूला! बरं, आपली पेठ कंची?"

"मृग भुजा, म्हणजे आकाशगंगेचा एक वळणदार हात. धनु आणि ययाती या दोन मोठ्या भुजांच्या मधली. लहान आहे जरा."

"बोळ म्हणा की!"

याचा राग अजून गेलेला नाही, कारण खगोलशास्त्रज्ञही तिला धड भुजा न म्हणता बऱ्याचदा फाटाच म्हणतात.

"शनी तरी लांबच्या पेठेत असंल? साडेसाती चाललीया."

मी सांगितलं, आकाशगंगा कोल्हापूर ते पुणे पसरली, तर सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचा सगळा संसार एका मोहरीत मावेल. शनीही त्यातच.

"एवढ्याशा मोहरीत बसून त्यानं मलाच हुडकलं व्हय!"

सूर्य हा सगळा कबिला घेऊन सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर पळतो, तरी एक फेरी व्हायला २३ कोटी वर्षं लागतात, हेही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "आमची गणपतीची मिरवणूक बघिटलीया न्हवं?" बघितली आहे. ती गेल्यावर फ्लेक्स मात्र तिथंच राहतात. आमच्या चौकातला सिग्नल अशाच एका दादांच्या हसण्यामागं गेलाय, हिरवा लागल्याचं मागच्याच्या शिव्यांवरून कळतं. हे बोलायचं होतं, पण अध्यक्षांचं प्रूफ चांगलं वीस फुटी होतं आणि सोबत चारजण होते.

सूर्य जागेवर नेण्याचे 'बदलाचे' पैसे वेगळे लागले. बदल त्यानं केला, पैसे मी द्यायचे! दिले.

संध्याकाळी फ्लेक्स आणायला गेलो. बाण बरोबर जागी होता. कृष्णविवरावर भाच्याचा हसरा फोटो होता आणि खाली 'शुभेच्छुक : मामा'.

"फोटो कुठून मिळाला?"

"तुमच्या डीपीला हाय की. मधी लई मोकळं दिसायलं होतं. त्याचे पैसे लावले नाहीत."