लाकूड चुकलं ते आमचं, पॉवर वाढवली नाही ते मात्र बरोबरच

नमस्कार दादा. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. पोरीच्या दहा मीटर एअर रायफलला शिसवीचा कस्टम स्टॉक (खांद्याला लावायचा लाकडी दस्ता) करून घेतला, २८ हजार घेतले, सहा आठवडे सांगून चार महिने लावले, उन्हाळ्यात स्टॉकला फट गेली, मॅचला वजन जास्त भरलं, छर्रे पाच रुपयाच्या नाण्याएवढे पसरतात, आणि "साधी पॉवर वाढवून मागितली तर तेही जमलं नाही, कारागीर कसला" असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे, त्यामुळं आधी आमच्या चुका.

उशिराचं खरं कारण तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. तुमचे फोन आले तेव्हा मी गणपती, मग कारागीर गावाला गेलाय, असलं काहीबाही सांगत राहिलो. झालं असं होतं की पहिला स्टॉक जवळपास तयार असताना ॲक्शन (नळी-ट्रिगरचा धातूचा भाग) बसायची खाच आमच्याकडून तीन मिलिमीटर जास्त कापली गेली आणि तो लाकडाचा तुकडा वाया गेला. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, लाज वाटली म्हणून नाही सांगितलं, आणि मग दुसरं लाकूड घाईघाईत भर पावसाळ्यात वखारीतून उचललं. वखारवाला म्हणाला वाळलेलं आहे, मी मान डोलावली. ओलावा मोजायचं मीटर दुकानात कपाटात पडून होतं, ते लावलंच नाही. आपल्या मिरजेत सतारीचं लाकूड वर्षानुवर्षं वाळवून मगच हात लावतात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर बसून मी हा गाढवपणा केला.

पुढचं सरळ आहे. ऑगस्टात सांगलीच्या दमट हवेत कापलेलं लाकूड तुमच्याकडं आटपाडीच्या मार्चच्या उन्हात आकसलं, ॲक्शनच्या बाजूनं फट पडली, आणि जे दिसत नाही ते म्हणजे खालचे दोन्ही स्क्रू सैल झाले, कारण ते ज्या लाकडावर आवळलेले तेच बारीक झालं. स्क्रू सैल म्हणजे ॲक्शन प्रत्येक शॉटला किंचित हलणार, म्हणजे छर्रा जाईल तिकडं जाईल. स्क्रूच्या भोकात ॲल्युमिनियमचे पिलर (पोकळ नळ्या) बसवून ॲक्शनखाली इपॉक्सीचं बेडिंग (घट्ट बसायला कडक थर) दिलं असतं तर लाकूड आकसलं तरी स्क्रूचा ताण टिकला असता. ते मी केलं नाही, एवढ्याशा एअर रायफलला कशाला असं वाटलं.

तुम्हाला दिलेलं टेस्टचं टार्गेट, ज्यात दहा शॉटचं मिळून एकच भोक दिसतंय, ते खोटं नाही. पण ती टेस्ट मी ॲक्शन थेट वाईसमध्ये (शिकंज्यात) पकडून घेतली होती, स्टॉकवर बसवून नाही. त्यामुळं नळी चांगली आहे एवढंच त्यातनं कळतं, स्टॉकचा दोष त्यात दिसणारच नव्हता.

वजनाचं अर्धं तुमच्यावर टाकायचा मोह होतोय, कारण तो काळपट शिसवीचा फोटो व्हॉट्सॲपवर तुम्हीच पाठवलेला, मी अक्रोड नाहीतर लॅमिनेट (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं) सुचवलं होतं. पण नियमात रायफल साइट वगैरे सगळं धरून साडेपाच किलोच्या आत पाहिजे हे मला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. काट्यावर ठेवून मगच द्यायला पाहिजे होती. मॅचच्या सकाळी पोरीला वजनं काढून बॅलन्स बिघडवून खेळावं लागलं, त्याचं मला खरंच वाईट वाटतंय.

आता पॉवर. ते जमलं नाही असं नाही, मी नाही म्हटलं. शेतात डुकरं येतात, रायफल घरात आहेच, तर तिचाच जोर वाढवा असं तुमचं म्हणणं होतं. दादा, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंतच्या जोराची एअर रायफल बिनपरवाना चालते, त्याच्या वर गेली की परवाना लागतो. पोरीची रायफल सात-आठ ज्यूलची आहे आणि कागदावर भोक पाडायला तेवढं पुरतं, जोर वाढवला तर उलट अचूकपणा जातो. आणि एवढ्याशा छऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं, वर ते वन्यजीव कायद्यात येतं. हे काम मी कुणालाच करून देत नाही, पाच स्टार मिळाले तरी.

(२०२४ ला पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंना ब्राँझ मिळाल्यापासून "तसली रायफल करून द्या" म्हणून लई फोन येतात. ती ५० मीटरची पॉइंट टू टू बोअरची, काडतुसाची रायफल आहे, परवान्याची, या छऱ्याच्या रायफलीशी तिचा संबंध नाही. इथं वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.)

आता तुमचं काय करायचं ते. दोन पर्याय आहेत, तुम्ही सांगाल तो. एक, स्टॉक परत आणा आणि २८ हजार पूर्ण घेऊन जा. दुसरा, मी लॅमिनेटचा नवा स्टॉक पिलर आणि बेडिंगसकट फुकट करून देतो, वजन तुमच्यासमोर काट्यावर दाखवून, आणि टेस्ट या वेळी पूर्ण रायफलीची, तीही पोरीच्या हातातनं. तोपर्यंत खोळंबा नको म्हणून तिचा जुना फॅक्टरीचा स्टॉक त्याच दिवशी बसवून देतो.

येताना आत्ता वापरताय तो छऱ्यांचा डबा घेऊन या. टेस्टला मी ४.५० हेडचे (डोक्याचा व्यास ४.५० मिमी) वापरले होते, तुम्ही दुसऱ्या साइजचा किंवा स्वस्तातला डबा घेतला असेल तर थोडा पसारा त्याचाही असेल, दोन-तीन प्रकारचे मारून बघू. आणि पोरीला शाळा बुडवून आणू नका, रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं असतं.