निळी रेघ म्हणजे मोकळं रान नव्हे!

स्वित्झर्लंडमध्ये थुनच्या तळ्याकाठी रमतगमत गाडी हाकायची, श्पीत्सला थांबायचं, पुढे ब्रिएन्झला कॉफी घ्यायची, बेत झकास. आणि मग काचेवर चाळीस फ्रँकच्या दंडाची पावती! दर वेळी तेच. पार्किंगच्या निळ्या रेघा दिसल्या की मंडळी गाडी लावून सुसाट फोटोला पळतात. अहो, तिथे पार्किंगची वेळ दाखवणारी निळी तबकडी काचेमागे दिसेल अशी ठेवायची असते. नुसती ठेवूनही भागत नाही. तिच्यावरचा बाण पोचलेल्या वेळेवर नाही, पुढच्या अर्ध्या तासाच्या रेघेवर लावायचा. १०:०५ ला पोचलात तर बाण १०:३० वर, आणि तिथून एक तास, म्हणजे ११:३० पर्यंत. साडेअकरा ते दीडच्या दरम्यान आलात तर मात्र अडीचपर्यंत निवांत जेवा. ही सवलत नेमकी कुणाच्या लक्षात नसते.

आणखी एक आगाऊपणा म्हणजे तासाभराने येऊन बाण गुपचूप पुढे सरकवणं. चालत नाही! गाडी बाहेर काढून रहदारीत न्यावीच लागते.

पांढऱ्या रेघा असतील तर पैसे भरायचं मशीन शोधा. ते कधी जागेचा क्रमांक मागतं, कधी गाडीचा, म्हणून उतरतानाच दोन्ही टिपून ठेवा. पिवळ्या चौकोनांकडे तर बघूही नका, ते राखीव.

भाड्याची गाडी असेल तर दंडावर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. तबकडी बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यातच पडलेली असते, पण तो उघडतो कोण!