लॉर्ड क्लाइडचे नातू? अहो, त्याचं लग्नच झालं नव्हतं

परवा काकांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, 'झाशी घेणाऱ्या लॉर्ड क्लाइडचे नातू-पणतू आजही राणीच्या दागिन्यांवर ऐश करतायत', आणि शेवटी ते नेहमीचं 'खरे मराठी असाल तर दहा जणांना पाठवा'. ग्रुपवर काय वाट्टेल ते येतं, मी बघून सोडून देते, पण आठवीतल्या भाचीनं ते जसंच्या तसं शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतलेलं दिसलं आणि डोकंच फिरलं.

माणूस खरा आहे. प्लासीवाला क्लाइव्ह नव्हे हां, हा क्लाइड, मूळचा कॉलिन कॅम्पबेल, १८५७ च्या उठावात ब्रिटिश सरकारनं पाठवलेला सरसेनापती.

मेसेज म्हणतो हा पिढीजात उमराव, किल्ल्यात वाढलेला. कसला किल्ला! १७९२ साली ग्लासगोत जन्म, बाप सुतार, आडनाव मॅक्लिव्हर. कॅम्पबेल हे आईकडचं आडनाव. सैन्यातल्या मामानं पोराला ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे तेव्हाचा ब्रिटिश सरसेनापती, त्याच्यासमोर उभं केलं, त्याला वाटलं हाही कॅम्पबेलच, तसंच कागदावर चढलं आणि कायमचं चिकटलं, असं सांगतात. पंधराव्या वर्षी पलटणीत गेला. तेव्हा तिथं हुद्दे पैसे मोजून मिळायचे आणि याच्याकडे पैसा नाही, त्यामुळे मेजर जनरल व्हायला १८५४ उजाडलं.

आता ते नातू. लॉर्ड झाला १८५८ मध्ये, वय पासष्ट, आणि तोवर बिनलग्नाचा. पुढेही लग्न केलं नाही. १४ ऑगस्ट १८६३ ला चॅटमला वारला, वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला, वारस नाही म्हणून लॉर्डकी त्याच्याबरोबरच संपली. मग नातू आले कुठून, कुरिअरनं? बरं, मेसेजमध्ये त्या 'पणतू'चा फोटोपण आहे, घोड्यावर बसलेला, कुणा बिचाऱ्याचा उचललाय देव जाणे. आणि ते बघून आपल्या लोकांनी रागाच्या इमोजी टाकल्यात पन्नास.

झाशीचं तर साधं कॅलेंडर बघा. मार्च १८५८ मध्ये हा लखनौ घेण्यात गुंतलेला होता, ते २१ तारखेच्या सुमारास पडलं. नेमक्या त्याच दिवसांत झाशीला वेढा घालून बसला होता दुसराच ब्रिटिश सेनापती, ह्यू रोज. तात्या टोपे वेढा फोडायला आले त्यांनाही १ एप्रिलला बेतवा नदीवर ह्यू रोजनंच हरवलं. कॅम्पबेलशी तात्यांची गाठ पडली होती ती आधी, डिसेंबर १८५७ मध्ये कानपूरला, पण ते मेसेजमध्ये नाहीच.

हां, लुटीचं अगदीच खोटं नाही, हे मान्य करावं लागतंय. कॅम्पबेलच्या फौजेनं लखनौचा कैसरबाग राजवाडा धुऊन नेला, लंडनच्या टाइम्सचा बातमीदार रसेल यानं ते स्वतः बघून लिहिलंय. वर कंपनीनं याला वर्षाला २००० पौंड पेन्शन दिली. आणि झाशीही लुटली गेली, ह्यू रोजच्या फौजेकडून. त्यासाठी फॉरवर्ड कशाला लागतो हो, आपल्या वरसईचे गोडसे भटजी त्या वेढ्यात आत अडकले होते. कत्तल, लूट, पाण्यावाचून झालेले हाल, सगळं 'माझा प्रवास'मध्ये मराठीत लिहून ठेवलंय. काका, तुमच्याच कपाटात आहे ते, पिवळं पडलेलं. भाचीला तेच दिलंय, आता ती भाषण त्यावरून करतेय.

मेसेजमध्ये क्लाइडनं रशियन घोडदळ 'एकट्यानं' अडवल्याचंही आहे, त्याचं काय बोलायचं, क्रिमियन युद्धातल्या त्या बालाक्लाव्हाच्या लढाईत हाताखाली अख्खी ९३ वी हायलँडर्स पलटण होती.

घोळ कुठे झाला असेल ते मला वाटतं कळलं. ह्यू रोजसुद्धा स्कॉटिश घराण्यातला शिपाईगडी, त्यालाही १८६६ मध्ये लॉर्ड केलं, लॉर्ड स्ट्रॅथनेर्न, आणि त्याच्या किताबात झाशीचं नाव चक्क घातलेलं आहे. कुणीतरी दोघांना एकत्र कालवलं. आणि आता त्याचे नातू शोधायला निघाला असाल तर थांबा, १८८५ मध्ये तोही बिनलग्नाचाच गेला.